पुढील तपासणी आवश्यक

मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी अडकवताना इस्पितळाच्या काउंटरवरच्या मुलीने तिच्याकडे पाहिलंच नाही. पट्टीवरचा नंबर पाहिला, संगणकावरचा पाहिला, दोन्ही जुळले तशी टक् करून पट्टी बंद केली आणि म्हणाली, "ही दुपारपर्यंत काढायची नाही हं, मॅडम." ती मनगटाकडे बघत राहिली. पांढरी, बोटभर रुंद पट्टी, वर काळ्या अक्षरांत आजची तारीख. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या भिंतींवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने तारीख घातली होती. आपल्यालाही कुणी तारीख घालेल हे तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. रागही नव्हता तो. अंगावरच्या कपड्याला आपल्या नकळत कुणीतरी किमतीची चिठ्ठी टाचावी आणि ती घरी आल्यावर सापडावी, तसं काहीतरी झालं. पट्टीखालची कातडी लगेच खाजायला लागली.

तिचा मुलगा शेजारच्या खुर्चीत मांडीवर फाइल घेऊन बसला होता. फाइल सोनेरी होती, कारण पॅकेजचं नाव सुवर्ण होतं. त्याच्याखाली रौप्य आणि त्याखाली नुसतंच साधं, पण मुलाने आईसाठी सुवर्णच घेतलं होतं. ब्याण्णव तपासण्या. हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा "माझ्यात ब्याण्णव वस्तू आहेत तरी का रे?" असं तिने विचारलं होतं आणि तो हसला नव्हता. हल्ली तो हसत नसे. किंमत त्याने सांगितली नव्हती, पण ती समोरच्या फलकावर होती. तिच्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून थोडी जास्त. सकाळी तो तिला न्यायला आला तो वर आलाच नाही, खालूनच फोन केला. "वर ये, चहा तरी घे," ती म्हणाली. "तुला उपाशी राहायचंय आणि मी तुझ्यासमोर बसून चहा पिऊ?" बरोबर होतं. गेले दोन-अडीच महिने तो असंच काही ना काही बरोबर कारण सांगून खालच्या खाली भेटत होता. गाडी भलत्या जागी लावलीय, फोन चालू आहे, उशीर झालाय. इथेसुद्धा एका मजल्यासाठी त्याने लिफ्टचं बटण दाबलं. ती जिन्याने आली आणि त्याच्या आधी पोचली. "हौस आहे का तुला, आई?" त्याने विचारलं. "आहे," ती म्हणाली.

दालन थंड होतं. जमिनीवर गालिचा, कोपऱ्यात कुंडीत एक झाड. ते खरं आहे का हे बघायला तिने एक पान चिमटीत धरून पाहिलं. खोटं होतं. मग नजर आपोआप वर गेली, जशी ती कुठल्याही खोलीत, कुणाच्याही घरी, लग्नात, मयताला, पाचव्या मिनिटाला वर जायचीच. दाराच्या चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातून एक केसाएवढी भेग तिरकी चढत गेली होती आणि एका मोठ्या चित्राच्या मागे शिरली होती. चित्र मुद्दाम तिथे लावलं होतं. नाहीतर एवढ्या कोपऱ्यात चित्र कोण लावतं? तिने डोळे बारीक करून भेगेच्या कडा पाहिल्या. गिलाव्याची होती. गिलावा वाळताना आकसतो, कोपऱ्यात ताण येतो, तडकतो. विटेला पत्ताही नसतो. हे इस्पितळ आणखी साठ वर्षं उभं राहणार होतं. तिने कुणालाच काही सांगितलं नाही.

शहराच्या इमारत तपासणी खात्यात तिने चौतीस वर्षं काढली. तिला भेगाबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावर. नवी मुलंमुली कॉलेजातून थेट तिच्या हाताखाली यायची, हातात चकचकीत यंत्रं आणि डोळ्यांत भीती. पहिल्याच जुन्या इमारतीत त्यांना चाळीस भेगा सापडायच्या आणि मुलं भराभरा लिहून घ्यायला लागायची. ती त्यांच्या हातातून वही काढून घ्यायची. "आधी बसा," ती म्हणायची, आणि जिन्याच्या पायरीवर खरंच त्यांना बसवायची. "प्रत्येक घराला भेगा असतात. भेग दिसली की घाबरायचं नाही, तिला तीन प्रश्न विचारायचे. कधीपासून आहेस? वाढतेयस का? कुठल्या दिशेने निघालीस?" एखादा चुणचुणीत विचारायचा, "भिंत बोलते का, बाई?" "बोलते की. पण विचारणारा घाईत असला तर गप्प बसते." मग ती पर्समधून डबी काढायची. डबीत शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या पातळ काचा असायच्या. भेगेवर एक काच आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका, वर तारीख, आणि निघून यायचं. तीन महिन्यांनी परत जायचं. भेग चालती असेल तर काच तडकलेली असते. काच शाबूत असेल तर भेग थांबलेली आहे, म्हातारी आहे, तिला तिच्या जागी राहू द्यायचं. इतकं सोपं. यंत्रवाली मुलं हसायची, आणि तीन महिन्यांनी काच बघायला सगळ्यात आधी तीच धावायची.

"मॅडम, मी तुमची आरोग्य सल्लागार," एक मुलगी समोरच्या स्टुलावर येऊन बसली. चोवीस-पंचवीसची असेल, चेहरा गोड, बोलणं पाठ. आधी रक्त, मग आठ नंबरमध्ये एक्स-रे, मग सोनोग्राफी, हृदयाची पट्टी, हाडांची घनता, डोळे, कान, मेंदूचा एक फोटो तो या महिन्यात सुवर्णवाल्यांना मोफत. ती नीट ऐकत होती. मुलगी चांगलं समजावत होती. फक्त आपण कुणाला समजावतोय हे तिला माहीत नव्हतं.

"डॉक्टर कधी भेटतील?"

"सगळ्यात शेवटी. रिपोर्ट आल्यावर."

"ते मला काही विचारतील का?"

"विचारायची गरजच पडत नाही मॅडम, रिपोर्टमध्ये सगळं येतं."

"पण समजा, मला काहीच होत नाहीये."

"तेच तर शोधायचंय ना!" मुलगी मनापासून हसली. मुलाने फाइलवर बोटांनी ताल धरला होता, तो थांबला. "आई, सही कर," तो म्हणाला.

कागद तिने वाचायला घेतला. कागद न वाचता सही करणं तिला जमत नसे. तेवढी एक गोष्ट नवऱ्याने तिला लावली होती. तो छापखान्यात मुद्रितशोधक होता, दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर त्याचं पोट होतं. दुकानाची पाटी, औषधाचं वेष्टण, लग्नपत्रिका, काहीही हातात आलं की त्याच्या वरच्या खिशातली पेन्सिल बाहेर यायची. तिने तिसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचलं आणि तिथे तिची बोटं थांबली. 'तपासणीत आढळलेल्या बाबींनुसार पुढील तपासणी आवश्यक ठरू शकते, याची मला पूर्ण कल्पना आहे.' तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. रस्त्यात अचानक आपलंच जुनं पातळ दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसावं, तसं तिने ते ओळखलं. हे वाक्य तिचं होतं.

तिने ते एकदाच लिहिलं होतं. तीन मजली इमारत, खाली शिंप्याचं दुकान आणि दुकानामागच्या खोलीत शिंप्याचा संसार. दुकानाच्या दाराच्या वर भिंतीत भेग होती, तिरकी, केसाएवढी, अगदी या इथल्यासारखी. तिने काच लावली, तारीख घातली. पण त्याच महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इमारत कोसळली, माणसं गेली, आणि खात्यात सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागले. साहेबांनी तिला बोलावलं. "बाई, तुमची ती शिंप्याची इमारत. अहवाल द्या." ती म्हणाली, तीन महिने व्हायचेत. "तीन महिन्यांत काही झालं तर कुणाची मान?" साहेब म्हणाले. सहा आठवडे झाले होते, काच शाबूत होती. तिने लिहिलं, सध्या धोका दिसत नाही. तिथे पूर्णविराम द्यायचा होता. हात थांबला नाही. 'तथापि पुढील तपासणी आवश्यक,' असं तिने लिहिलं आणि सही केली, आणि त्या रात्री तिला शांत झोप लागली. त्या शांत झोपेची लाज तिला आजही वाटत होती. वाक्य खोटं नव्हतं. कुठल्या भिंतीची पुढील तपासणी आवश्यक नसते? पण ते भिंतीसाठी लिहिलेलं नव्हतं, लिहिणारीसाठी लिहिलेलं होतं. मग रहिवाशांना दोन महिन्यांसाठी म्हणून बाहेर काढलं. तपासायला भिंतीत नळ्या घालून तुकडे काढले; तुकडे चांगले निघाले. पण भोकांतून ओल शिरली, ओलीची वेगळी तपासणी झाली, तिच्यात आणखी काही बाबी आढळल्या. दोन महिन्यांची चार वर्षं झाली. इमारत तेव्हाही उभी होती, अजूनही आहे. ती शिंप्याला शोधत मेव्हण्याच्या घरी गेली तेव्हा तो गॅलरीत बसला होता, गळ्यात मोजायची फीत अडकवून, शिवायला समोर काही नसताना. गिऱ्हाइकं पांगली होती. मशीन कुठे ठेवायचं म्हणून विकलं होतं. तिने माफी मागितली तसा तो ओशाळून हसला. "तुमचं काय चुकलं हो बाई," तो म्हणाला. "भिंत कुठे पडली? पडलो तो मी." तिथून ती सरळ त्या रिकाम्या दुकानात गेली. तिची काच दारावर तशीच होती, वरून रंगाचा हात फिरलेला, पण अखंड. नखाने खरवडून तिने ती काढली. ती काच आजही तिच्या चष्म्याच्या घरात, फडक्याखाली होती. आता पर्समध्ये हात घालून तिने ती चाचपली. होती.

"आई. सही."

"वाचतेय."

"लोक काय अख्खं वाचतात का ते?"

"तुझे बाबा वाचायचे."

हे बोलायला नको होतं. मुलाचा जबडा आवळला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि अजूनही तो शब्द त्यांच्यामध्ये भरल्या बादलीसारखा होता. दोघं तिच्या कडेने जपून चालत. त्याचे बाबा शेवटचे तीन आठवडे जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायचे. तिथे सेक्रेटरीच्या दाराशेजारी सूचनांचा फळा आहे. नवरा फळ्यासमोर उभा राहून वाचायचा, ती पिशव्या घेऊन पुढे जायची आणि वरून ओरडायची, "अहो, चला आता, सापडली असेल चूक." तो वर यायचा. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ज्या माणसाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या पत्रातली वेलांटी दुरुस्त केली, तो फळ्यासमोर थांबणार नाही तर काय करणार? तो गेल्यानंतर चौथ्या दिवशी ती त्या फळ्यासमोर उभी राहिली. पाण्याची टाकी साफ करायची सूचना होती, पाच ओळींची. तारखेवरून पाहिलं तर महिनाभर तीच एक सूचना तिथे होती. पाच ओळींत तीन चुका होत्या, तिलासुद्धा दिसल्या. पेन्सिलीची खूण एकही नव्हती. तीन आठवडे रोज तो तिथे उभा राहिला आणि त्याने काहीच वाचलं नाही. तो श्वास घेत होता. पुढे त्याच आठवड्यात भांडी पुसता पुसता, तिच्याकडे न बघता, मुलगा म्हणाला, "तुला भिंती दिसतात, आई." एवढंच. पुन्हा कधी तो तसं बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी आले असते, दम लागतो एवढं नुसतं सांगितलं असतं, तरी काही करता आलं असतं कदाचित. मुलाने त्यातलं 'आधी' उचललं आणि तेव्हापासून तो सगळं आधी करत आला होता. तिने मात्र दुसरा शब्द उचलला. सांगितलं असतं. किंवा विचारलं असतं. ती भेग चालती होती. तिला शोधायला ब्याण्णव तपासण्या लागत नव्हत्या. एका बाईने पिशव्या खाली ठेवून मागे वळायला हवं होतं.

तिने पेनाला टोपण लावलं. आवाज बारीकच झाला, पण मुलाने तो ऐकला.

"काय झालं?"

"मी ही तपासणी करून घेणार नाही."

"आई, नाटक नको."

"नाटक नाही. मला आत्ता काही होत नाहीये. ज्या दिवशी होईल त्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाईन, ते सांगतील ती तपासणी करीन. जिथे काही नाही तिथे मी भिंत फोडू देणार नाही."

"तू भिंत नाहीयेस!"

दोन-तीन माणसांनी माना वळवल्या. मुलाने आवाज खाली आणला, तो आणखी दुखरा झाला. "काही नाही हे तुला कसं कळणार? बाबांनाही काही नव्हतं."

"होतं. बाबांना होतं, आणि ते आपल्याला सांगत नव्हते." तिने पर्स मांडीवर घेतली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, सांगण्याजोगं वाटलंही नव्हतं. "दर सोमवारी सकाळी मी आपला जिना चढते. न थांबता, चोपन्न पायऱ्या. एक्केचाळिसाव्या पायरीवर माझा श्वास मोठा होतो. तेवढं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. तीन वर्षं झाली. कधी चाळीस, कधी बेचाळीस. एकदा सर्दी होती तेव्हा सदतीस."

"हे काय शास्त्र आहे?"

"शास्त्र नाही. काच आहे. तडकली की मला कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"तर चुकले. चुकेन की. चौतीस वर्षांत मी काय कधी चुकले नाही? पण मी चुकेन ती माझ्या सहीने चुकेन. दुसऱ्याच्या भीतीपायी सही केली एकदा, तेवढी पुरे."

मुलाने चिडून बोलावं, ओरडावं, त्या भांडी पुसण्याच्या दिवशीचं उरलेलं सगळं एकदाचं ओतून टाकावं, असं तिला फार वाटलं. ती तयार होती. पण तो नुसता हातातल्या सोनेरी फाइलकडे बघत राहिला. लहानपणी प्रगतिपुस्तकाकडे बघायचा, तसा.

ती काउंटरपाशी गेली. "कात्री द्या."

"कशाला, मॅडम?"

"ही पट्टी कापायचीय."

"ती दुपारपर्यंत..."

"बाळ, मी घरी चाललेय. मला भूक लागलीय."

मुलीने पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. सल्लागार मुलगी धावत आली. पैसे परत मिळत नाहीत मॅडम, पण तारीख बदलून मिळेल. किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येईल. तिची नजर मुलावर गेली आणि चेहरा उजळला. "सरांच्या नावावर करा ना! सर चाळिशीपुढचे असतील, सर पण उपाशीपोटी..."

"मला काय झालंय?" मुलगा म्हणाला. नको इतक्या मोठ्याने म्हणाला. "मला काहीही झालेलं नाहीये."

"तेच तर..." मुलगी म्हणायला लागली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. कात्री आली. तिने स्वतःच्या हाताने पट्टी कापली, दोन्ही तुकडे काउंटरवर नीट एकाशेजारी एक ठेवले आणि सल्लागार मुलीला म्हणाली, "तू समजावतेस छान. फक्त मध्येमध्ये समोरच्याला विचारत जा."

दोघं गाडीत बसली. सकाळचे साडेनऊ झाले होते, दुकानांची शटर्स वर जात होती. मनगटावर पट्टीची तांबूस रेघ राहिली होती. तिने ती अंगठ्याने चोळली. आत कुठेतरी एखादा पेला फोडल्यावर वाटतं तसं मोकळं वाटत होतं, आणि लगेच मागोमाग, आता काचा वेचायच्यात हेही. मुलगा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता, गाडी थंड असताना. रागाचा असेल, तिला वाटलं.

घराखाली त्याने इंजिन चालूच ठेवलं. "मी निघतो."

"आता काय कारण आहे?"

"कसलं कारण?"

"वर न यायचं. माझा उपास सुटला, ऑफिसातून तू सुट्टी घेतलीयस, आणि गाडीला समोर अख्खी जागा आहे. चहा घे, मग हवं तितकं बोल मला."

त्याने आरशात पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. कारण सापडलं नाही. इंजिन बंद झालं.

या इमारतीला लिफ्ट नव्हती. चोपन्न पायऱ्या, नऊ-नऊच्या सहा ओळी. मुलगा तीन वर्षांचा असताना याच पायऱ्यांवर तिने त्याला अंक शिकवले होते, चढताना सुलटे आणि उतरताना उलटे. पाटी घेऊन बसवलं तर तो शिकायचा नाही; पाय हलले की डोकं चालायचं, हे तिला तेव्हाच कळलं होतं. उतरताना सतरा म्हणायची वेळ आली की त्याची गाडी अडायची. मग तो ती पायरीच चुकवायचा. अठरावरून धाडकन सोळावर उडी, आणि वर बघून हसायचा. ती त्याला परत वर पाठवायची आणि सतरा येईपर्यंत थांबायची. पन्नासदा पाठवलं असेल, एकदाही आवाज न चढवता. आज सोमवार नव्हता, तरी सवयीने ती मनात मोजत चढत होती. मागे त्याच्या बुटांचा आवाज येत होता. अठरा, एकोणीस, वीस. आवाज मागे पडत चालला. एकोणतीस, तीस, एकतीस. आवाज बंद झाला.

ती थांबली. हातात पर्स होती, ती तिने पायरीवर ठेवली. मग मागे वळली.

तो सत्ताविसाव्या पायरीच्या वळणावर, खिडकीपाशी उभा होता. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात फोन, मान खाली. "तू हो पुढे," तो म्हणाला. "मेसेज आलाय." वाक्याच्या मधोमध त्याला श्वास घ्यावा लागला.

ती एक पायरी उतरली. फोनचा पडदा काळा होता. त्या काळ्यात खिडकीचा पांढरा चौकोन तेवढा दिसत होता, आणि त्या चौकोनाकडे तो वाचल्यासारखा बघत होता.

सगळी कारणं तिच्या डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली; गाडी, फोन, उशीर, चहा, एका मजल्याची लिफ्ट. एकेक बरोबर. पेन्सिलीची खूण नसलेला अख्खा कागद.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

ती नुसती थांबली. विचारणारी घाईत नव्हती. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं आणि मिटलं.

"दोन महिने," तो म्हणाला. "थोडे जास्त."

"वाढतंय?"

त्याने मान हलवली. "आधी वरपर्यंत यायचो. शेवटचा आलो तेव्हा फळ्यापर्यंत. आता इथे."

आवाज तिने हलू दिला नाही. "कुठल्या दिशेने?"

त्याने फोन खिशात टाकला आणि मोकळा हात छातीवर ठेवला, मधोमध. तिथून तो हळूहळू डाव्या खांद्याकडे गेला आणि खांद्यावरून जबड्यापाशी येऊन थांबला. भिंतीवरची भेग कुणी बोटाने दाखवावी, तसा. "थांबलं की जातं," तो म्हणाला. "आता गेलं. आई, मी ते पॅकेज... म्हटलं आधी तुझं होऊ दे. तुझं सगळं नीट आलं असतं तर..."

"तर?"

"तर मला धीर आला असता."

"गाढवा," ती म्हणाली, आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याचा शर्ट पाठीवर ओला होता. तो लहान असताना तिने या पाठीला तेल लावलं होतं, ताप चाचपला होता, शाळेच्या दप्तराने वाकते म्हणून भांडण काढलं होतं. त्या पाठीवर तिने तळवा पसरून ठेवला. खाली काहीतरी भरभर चाललेलं होतं, पण चाललेलं होतं.

"खाली डॉक्टर आले असतील. समोर."

"तो म्हातारा? त्याचा वजनकाटा तरी चालतो का?"

"प्रश्न चालतात. हे आत्ता मला सांगितलंस ते त्यांना सांगायचं, असंच, हात फिरवून. मग ते ज्या इस्पितळात धाडतील तिथे आज, आत्ता, या पावली जायचं. ब्याण्णव तपासण्या म्हणाले तर ब्याण्णव."

"आणि तू आत्ताच तिथे तमाशा करून आलीस!"

"आले. पुन्हा करीन. मला दुखत नव्हतं." तिने त्याचा दंड धरला. "तुला दुखतंय."

तो हसला. श्वास अपुरा होता म्हणून हसू अर्धंच निघालं, पण दोन महिन्यांतलं पहिलं होतं. तिने पर्स उचलली नाही. पायरीवर पडलेली राहू दे. चष्मा, किल्ल्या, काच, सगळं तिथे राहू दे. तिने त्याला भिंतीच्या बाजूने घेतलं आणि स्वतः कठड्याच्या बाजूला आली.

"उतर. घाई करायची नाही. मोज."

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"मोज म्हटलं ना."

मग मान खाली घालून त्याने पाय उचलला. "सत्तावीस," तो म्हणाला. "सव्वीस." एक पायरी, एक श्वास. ती मोजत नव्हती; ती ऐकत होती, आकड्याला नव्हे, दोन आकड्यांच्या मधल्या जागेला. जागा सारखी राहतेय का, वाढतेय का. एकवीस. वीस. एकोणीस. अठराला तो थांबला. तिने काहीच सुचवलं नाही. पाठीवरचा हात तसाच ठेवून, पन्नासदा थांबली होती तशी, ती थांबली.

"सतरा," तो म्हणाला, आणि त्या पायरीवर त्याने पाऊल टाकलं.